तापाच्या वरचं गाव

नेपाळच्या तराईतून डोंगराकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांचं एक पंचांग असे, आणि ते कुठल्या ज्योतिष्याने मांडलेलं नव्हतं. दिवाळी होऊन थंडी पडली की वरची माणसं खाली उतरायची. मीठ, लोकर, तूप विकायची, कापड, साखर, तंबाखू पाठीवर घालायची आणि चैत्राचं ऊन तापायच्या आत परत चढणीला लागायची. उशीर झाला तर गाठ औलाशी. औल म्हणजे तराईतला हिवताप. एका रात्रीच्या मुक्कामात माणसाला धरणारा आणि पुष्कळदा घेऊनच जाणारा. थारू लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात राहून त्याला सरावले होते. बाकीच्यांसाठी डोंगराच्या पायथ्याची ती ‘चार कोसे झाडी’ वर्षातले सात-आठ महिने बंदच असे.

या झाडीच्या वर, पहिली मोठी डोंगररांग चढून गेलं की तानसेन लागतं. गवई तानसेनाशी या गावाचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पाल्पा जिल्ह्याचं हे मुख्य ठिकाण. जुनी माणसं गावालाही पाल्पाच म्हणतात. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १३५० मीटर, आणि डोक्यावर श्रीनगर नावाचा १५२५ मीटरचा डांडा. त्या डांड्यावरून उत्तरेला धौलागिरी, अन्नपूर्णा, माछापुच्छ्रे ओळीने दिसतात. दक्षिणेला खाली मादीचं खोरं आहे. हिवाळ्यात सकाळी ते धुक्याने काठोकाठ भरतं आणि तिथले लोक त्याला पांढरं तळं म्हणतात. पर्यटनाच्या पत्रकांत एवढं सगळं असतं. नसतं ते एवढंच, की व्यापाराचं गाव डोंगराच्या माथ्यावर वसलंच का? जवळ मोठी नदी नाही, सपाट जमीन नाही, रस्ते इतके उभे की पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्याला गुडघ्यांची आठवण राहावी. व्यापाऱ्याला खरं तर खालचं बुटवल सोयीचं. तिनाऊ नदी डोंगरातून बाहेर पडते तिथेच ते आहे. पण बुटवलमध्ये उन्हाळा-पावसाळा काढायची कोणाची छाती नव्हती. डोंगरमाथ्यावरचं गाव म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तट आणि बुरूज येतात. तानसेनची राखण तटापेक्षा पायथ्याच्या डासांनीच जास्त केली.

इथल्या राजांचा संसारही तसाच दोन ठिकाणी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रुद्रसेनाने या मगर मुलखात राज्य बसवलं. त्याचा मुलगा मुकुंदसेन (राज्यकाळ साधारण १५१८ ते १५५३) हा सेन राजांमधला सर्वांत मोठा. त्याने काठमांडूच्या खोऱ्यावर स्वारी केली, पूर्वेकडे लांबवर मुलूख जिंकला, आणि मग हिंदुस्थानातल्या कितीतरी राजांप्रमाणे तो सगळा मुला-नातवंडांत वाटून टाकला. मकवानपूरची गादी त्यातूनच निघाली. वाटणीनंतर मूळ पाल्पाच्या वाट्याला फार काही उरलं नाही, पण चौबिसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चोवीस डोंगरी राज्यांत पाल्पाचा मान मोठा राहिला. सेन राजे उन्हाळ्यात वर राहत आणि थंडीत बुटवलच्या वाड्यात उतरत. तिथल्या वाड्याचे अवशेष आज एका बागेत आहेत. खालचा सुपीक तराईचा पट्टा हे त्यांचं खरं उत्पन्न. त्या जमिनीसाठी ते अवधच्या नवाबाला सारा भरत. डोंगरात स्वतंत्र राजा आणि मैदानात नवाबाचा जमीनदार, असा हा दुहेरी कारभार बराच काळ कोणाला खटकला नाही. पुढे याच पट्ट्यावरून कंपनी सरकार आणि नेपाळ यांचं युद्ध पेटणार होतं.

गोरखा या डोंगरी राज्याने १७६८-६९ मध्ये काठमांडूचं खोरं घेतलं आणि नंतर एकेक डोंगरी राज्य गिळायला सुरुवात केली, तेव्हा आपण शहाणपणाच करतो आहोत असं पाल्पाच्या राजांना वाटलं. राजा महादत्त सेनाने गोरख्यांचा कारभारी बहादुर शाह याच्याशी संधान बांधलं. १७८६ च्या मोहिमेत शेजारची राज्यं पाडायला मदत केली आणि बदल्यात गुल्मी, अर्घा, खांची पदरात पाडून घेतले. वाघाबरोबर शिकारीला जाणाऱ्याने निदान वाटणीच्या वेळी सावध राहावं. महादत्ताचा मुलगा पृथ्वीपाल सेन राहिला नाही. गोरख्यांच्या राजघराण्यातल्या रणबहादुर शाहाने सोयरिकीचं बोलणं लावून त्याला काठमांडूला बोलावलं आणि तिथेच अडकवून ठेवलं. २५ एप्रिल १८०६ च्या रात्री रणबहादुराचा त्याच्याच सावत्र भावाने दरबारात खून केला. त्यानंतर, पुढे नेपाळचा कर्ताधर्ता झालेल्या भीमसेन थापाने जी कत्तल मांडली तिला नेपाळच्या इतिहासात भंडारखाल पर्व म्हणतात. मारल्या गेलेल्यांचा आकडा त्र्याण्णव सांगतात. खुनाशी काही देणंघेणं नसलेला पृथ्वीपालही त्यात संपवला गेला. फौज लगेच पाल्पात शिरली. चौबिसीतलं अखेरचं मोठं राज्य असं, एकही मोठी लढाई न होता गेलं.

नव्या राज्यकर्त्यांनी तानसेनला सुभ्याचं लष्करी ठाणं केलं, आणि काठमांडूखालोखाल वजनाचं केलं. पहिला मोठा सुभेदार म्हणजे भीमसेन थापाचे वडील काजी अमरसिंह थापा. (पश्चिमेला कांगड्यापर्यंत लढणारे बडा अमरसिंह थापा वेगळे. या एका नावाने इतिहासाच्या किती पुस्तकांत घोळ घातलाय!) त्यांनी गावाच्या खालच्या अंगाला अमर नारायणाचं देऊळ बांधवलं. तीन छपरांचं, नेवारी घडणीचं, छपरांखालच्या तिरक्या लाकडी टेकूंवर देवदेवतांची कोरीव कामं असलेलं. शेजारी बाग, दगडी धारा, बसायला जागा. काठमांडूच्या बाहेर या शैलीचं इतकं नीटस देऊळ क्वचितच दिसतं, आणि ते इथे का दिसतं याचं उत्तर गावातल्या वस्तीत आहे. सुभेदारामागोमाग काठमांडू खोऱ्यातले नेवार वर आले: शाक्य, वज्राचार्य, श्रेष्ठ, महर्जन. कुणी सोनार, कुणी तांबट, कुणी नुसते दुकानदार. फौजेला जे लागतं ते पुरवायला दुकानं लागतात, दुकानदारांना देव लागतात, आणि देवांना छपरावरचं कोरीव काम. मगरांच्या डोंगरावर पाटण-भक्तपूरसारख्या विटांच्या, लाकडी जाळीच्या खिडक्यांच्या घरांच्या ओळी उभ्या राहिल्या, त्या अशा.

आता पुन्हा त्या खालच्या जमिनीकडे. १८०१ मध्ये अवधच्या नवाबाने गोरखपूरसकट आपला बराच मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला तोडून दिला. म्हणजे पाल्पाच्या राजाची मैदानी जमीनदारी आता कंपनीच्या हद्दीत आली. पाच वर्षांनी पाल्पाच काठमांडूने खाल्लं. काठमांडूचं म्हणणं, पाल्पा आमचं तर पाल्पाची बुटवलची जमीनही आमची. कंपनीचं म्हणणं, जमीनदाराचं घराणं बुडालं म्हणून त्याची जमीन शेजाऱ्याची होत नाही. दोन्ही बाजूंनी वकील, पंचायती, नकाशे सगळं झालं. एप्रिल १८१४ मध्ये कंपनीने तिथे पोलीस ठाणी बसवली. मेच्या अखेरीस नेपाळी सैनिकांनी त्यातल्या तीन ठाण्यांवर हल्ला करून अठरा शिपाई मारले. वेळही नेपाळ्यांनी बरोबर निवडली होती. पावसाळा तोंडावर होता, औलाचे दिवस सुरू झाले होते, आणि कंपनीची पलटण तराईत उतरणं आता काही महिने तरी शक्य नव्हतं. १ नोव्हेंबर १८१४ ला, थंडी पडल्यावर, कंपनीने युद्ध जाहीर केलं. त्याच सुमारास भीमसेन थापा मराठे, शीख आणि नेपाळ यांनी मिळून इंग्रजांना तोंड द्यावं म्हणून वकील पाठवत होता. ते काही जमलं नाही. मराठी सत्तेचा पुढे १८१८ मध्ये काय निकाल लागला ते आपल्याला माहीत आहेच.

चार बाजूंनी चार इंग्रज सेनापती निघाले. पाल्पाकडे जनरल वुड. त्याच्याजवळ साडेचार हजारांच्या आसपास माणसं, तोफा, हत्ती. समोर बुटवलजवळच्या जितगढी नावाच्या लाकडी कोटात भीमसेन थापाचा तरणा पुतण्या उजीरसिंह थापा. ३ जानेवारी १८१५ ला साल वृक्षांच्या दाट रानातून इंग्रजांची तुकडी पुढे सरकली, आणि रान संपता संपता एकदम कोटाच्या तोंडाशीच येऊन पोचली. गोळीबार झाला, इंग्रजांनी एका बाजूने टेकडीवर चढून जवळजवळ वरचढ जागा मिळवलीही. आणि नेमक्या त्या वेळी वुडने माघारीचा हुकूम दिला. इंग्रज इतिहासकारांनीच त्याला यासाठी पुढे खूप बोल लावले. एप्रिलमध्ये त्याने तिनाऊच्या पलीकडून बुटवलवर तोफा डागून पाहिल्या, तेही फुकट गेलं. मग ऊन वाढलं. तराईतल्या छावणीत माणसं आजारी पडू लागली आणि वुडला गोरखपूरकडे परतावं लागलं. उजीरसिंह शूर होता यात शंकाच नाही. पण त्याच्या बाजूने पायथ्याचा तापही लढला, हे पाल्पात कोणी फारसं बोलून दाखवत नाही.

शेवटी युद्ध नेपाळ हरलं. पश्चिमेला चार सेनापतींपैकी ऑक्टरलोनीने ते जिंकून दाखवलं आणि १८१६ मध्ये सुगौलीचा तह पक्का झाला. पण पाल्पाच्या आघाडीवर मात्र विजय आपला, हे तानसेनने विसरायचं नाकारलं. उजीरसिंहाने नवस फेडावा तसं गावात रणउजिरेश्वरी भगवतीचं देऊळ बांधलं. मूळचं देऊळ मोठं होतं म्हणतात. १९३४ च्या भूकंपाने ते पाडलं आणि आजचं त्याहून लहान आहे. दरवर्षी जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशी भगवतीची रथयात्रा निघते. नेपाळच्या पंचांगात तो भाद्रपद कृष्ण नवमीचा दिवस. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो म्हणून तीच तिथी श्रावण वद्य नवमी, म्हणजे गोपाळकाल्याचा दिवस. मुंबईत हंड्या फुटत असताना हिमालयातलं एक गाव इंग्रजांवरच्या विजयाची मिरवणूक काढतं. हिंदुस्थानात कंपनीला हरवल्याबद्दल दरवर्षी देवीचा रथ ओढणारी गावं किती असतील?

एक गोष्ट मात्र उजीरसिंहालाही कळली नसती. त्या युद्धातच इंग्रजांनी नेपाळी कैदी आणि फितूर सैनिकांच्या पहिल्या पलटणी उभ्या केल्या, आणि पुढच्या शंभर वर्षांत पाल्पा, स्यांजा, गुल्मीचे मगर तरुण हजारोंनी गोरखपूरच्या कुनराघाट भरतीकेंद्राची वाट चालू लागले. ही वाट तानसेनवरूनच जायची. जाताना रिकाम्या हाताने गेलेला ‘लाहुरे’, म्हणजे परदेशी पलटणीतला शिपाई, परतताना पगार, पेन्शन, कधी घड्याळ, कधी नवी छत्री घेऊन यायचा आणि घरी पोचायच्या आत तानसेनच्या बाजारात थोडाफार खर्चून जायचा. गावाची भरभराट मीठ आणि कापडावर झाली असं लिहिण्याची पद्धत आहे. ते खरंच आहे, पण इंग्रजांच्या पगाराचं चांदीचं नाणंही त्यात मोजलं पाहिजे.

मीठ यायचं तिबेटातून, काली गंडकीच्या खोऱ्याने. वर मुस्तांग आणि थाक खोला, तिथल्या थकाली सावकारांच्या हातात मिठाचा मक्ता; मग बागलुंग, रिडी, आणि तिथून चढून तानसेन. खालून यायचं ते भारतातलं: सुती कापड, साखर, गूळ, रॉकेल, तांब्या-पितळेचा पत्रा. नंतरच्या काळात नौतनवापर्यंत रेल्वे आली तेव्हा तो माल तिथे उतरायचा, बैलगाडीने बुटवलला आणि तिथून भरियांच्या पाठीवर. भरिया म्हणजे हमाल. डोको नावाची शंकूच्या आकाराची बांबूची टोपली पाठीवर, तिचा पट्टा, नामलो, कपाळावर. वजन असं सगळं मानेने पेलायचं. तानसेनच्या टक्सार टोलमध्ये त्या पत्र्याची भांडी व्हायची. इथला करुवा नेपाळभर प्रसिद्ध: पोट मोठं, मान बारीक, बाजूला तोटी, खालच्या बुंध्याला उभं राहायला पाय. पाहुणा आला की यातून पाणी. ओठ न लावता पितात.

खालच्या झाडीने कोणाकोणाचा घास घेतला, त्यात मराठी माणसंही आहेत. १८५७ चा उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशवे, त्यांचे भाऊ बाळाराव, अवधची बेगम हजरत महल आणि उरलेली फौज १८५९ च्या आरंभी सीमा ओलांडून याच पश्चिम तराईत शिरली. नेपाळचा पंतप्रधान जंगबहादुर राणा इंग्रजांच्या बाजूचा. त्याने बायकामुलांना आसरा दिला, पण फौजेला नाही. वर डोंगरात जायला परवानगी नाही, मागे इंग्रज, आणि उन्हाळा सुरू झालेला. तलवारीने मेले त्याहून जास्त तापाने मेले. बाळाराव तिथेच गेले. नानासाहेबांच्याही मृत्यूची बातमी त्याच वर्षी आली, आणि ती खरी की त्यांना शोधणाऱ्यांना चकवण्यासाठी पसरवलेली, यावर लोक अजून भांडतात. तानसेनच्या उंचीवर त्या माणसांना राहू दिलं असतं तर किती वाचली असती, असा विचार मनात येतो. इतिहासात असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. पण बिठूरच्या त्या लोकांच्या नशिबी शेवटी इंग्रजांच्या तोफेपेक्षा डास आला, ही गोष्ट चटकन गिळत नाही.

जंगबहादुराच्या या राणा घराण्याच्या राजवटीत तानसेनचा आणखी एक उपयोग ठरला. काठमांडूत नकोसा झालेला भाऊबंद पाल्पाला पाठवायचा. फार दूर नाही, फार जवळही नाही. फौज हाताशी आहे असं त्याला वाटावं, पण राजधानी हाताशी नसावी. आज गावात ज्या वास्तू पाहायला लोक जातात, त्यातल्या बहुतेक अशा नाइलाजाने आलेल्या माणसांनी बांधल्या. सत्ता गेली की बांधकामाची हौस येते, असं काहीतरी असावं.

यातला खड्ग शमशेर हा सर्वांत रंगीत. धीर शमशेरच्या सतरा मुलांपैकी एक. नोव्हेंबर १८८५ मध्ये या भावांनी आपला चुलता, पंतप्रधान रणोद्दीप सिंह, याला त्याच्याच महालात गोळ्या घातल्या. थोरला वीर शमशेर पंतप्रधान झाला आणि खड्ग शमशेर सरसेनापती. दोन वर्षांत, १८८७ मध्ये, थोरल्याला वाटलं की धाकटा आपल्यालाही तीच वागणूक देईल, आणि खड्ग शमशेरची नेमणूक पाल्पाला झाली. तिथे त्याने पंधराएक वर्षं काढली. बाजाराच्या मधोमध शीतलपाटी बांधली, आठ कोनांचा पांढरा मंडप. बाजारकरी, पेन्शनर आणि निव्वळ रिकामटेकडे यांची ती अजूनही आवडती जागा आहे. दरबारासाठी बग्गी ढोका उभारला, एवढा उंच दरवाजा की हत्तीवरचा स्वारही न वाकता आत जावा. नेपाळमधला या जातीचा सर्वांत मोठा दरवाजा, असं गावकरी अभिमानाने सांगतात. एवढ्या दरवाजातून बग्गी जायची, पण बग्गी चालवायला सपाट रस्ता गावात जेमतेमच. थाटाला व्यवहार विचारायचा नसतो.

१८९२ मध्ये त्याची राणी तेजकुमारी देवी गेली. तिच्या नावाने काली गंडकीच्या काठावर, तानसेनहून उत्तरेला डोंगर उतरून गेल्यावर एका प्रचंड खडकावर, त्याने महाल बांधायला घेतला. १८९३ मध्ये काम सुरू झालं. खांब, कमानी, गच्च्या, युरोपी धाटणीचं राणाकालीन सगळं काही. बाहेरून येणारं सामान बुटवलहून तानसेनवरून माणसांच्या पाठीवर नेलं. नदीच्या त्या वळणावर दुसरी मोठी इमारत नाही, त्यामुळे वाट उतरताना अचानक तो पांढरा महाल पुढ्यात येतो आणि खरोखर थबकायला होतं. ‘नेपाळचा ताजमहाल’ म्हणून त्याची जाहिरात करतात, ती मात्र मला कधी पटली नाही. शहाजहान सम्राट होता. खड्ग शमशेर हद्दपार झालेला सरसेनापती. तो बादशाही शोक नव्हे. राजधानीत परतायची आशा सोडलेल्या, किंवा सोडल्यासारखं दाखवणाऱ्या, माणसाचा तो उद्योग आहे. दाखवणाऱ्या म्हणायचं कारण, पुढे भाऊ चंद्र शमशेरच्या काळात त्याने पुन्हा सत्तेसाठी हालचाल केली, ती फसली, आणि १९०२ च्या सुमारास तो भारतात निघून गेला. उरलेलं आयुष्य त्याने मध्य भारतातल्या सागर शहरात काढलं. महाल मागे ओस पडला. कित्येक दशकं खिडक्यादारांची लाकडं निघत राहिली, भिंतींवर नावं कोरली गेली, आणि खूप उशिरा सरकारला त्याची आठवण आली. डागडुजी झाली, आता जीपचा रस्ताही आहे.

दरबाराची आजच्या ओळखीची इमारत १९२७ मध्ये प्रताप शमशेरने उभारली. त्यानंतर तिथे आला रुद्र शमशेर. तो वीर शमशेरचा मुलगा आणि नेपाळचा सरसेनापती, पंतप्रधानपदाच्या रांगेत दुसरा. १९३४ मध्ये पंतप्रधान जुद्ध शमशेरने ‘क’ वर्गाच्या, म्हणजे राणांच्या दृष्टीने कमी कुळाच्या आईच्या पोटी जन्मलेल्या, सगळ्या राणांना वारसांच्या यादीतून एका फटक्यात काढून टाकलं. त्यातलाच एक रुद्र शमशेर, तो पाल्पाला. तो तिथे सोळा वर्षं गप्प बसला. १९५०-५१ मध्ये नेपाळी काँग्रेसची मुक्तिसेना राणांविरुद्ध लढत तराईतून पुढे सरकली, तेव्हा पाल्पाचा हा गव्हर्नर फौजेसकट क्रांतिकारकांना जाऊन मिळाला. देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं लष्करी ठाणं गोळी न झाडता राणांच्या हातून गेलं. कुळावरून हिणवलेल्या माणसाला सोळा वर्षं विचार करायला वेळ दिला, ही काठमांडूची चूक.

राणा गेले आणि नेपाळची दारं बाहेरच्यांना उघडली. त्या आधीच, १९४९ मध्ये, रॉबर्ट फ्लेमिंग हे पक्ष्यांचे अभ्यासक काली गंडकीच्या खोऱ्यात येऊन गेले होते. १९५१-५२ च्या हिवाळ्यात ते पुन्हा तानसेनला आले, बरोबर डॉक्टर कार्ल फ्रेडरिक्स. एकीकडे पक्ष्यांचे नमुने गोळा होत होते, दुसरीकडे डॉक्टरांपुढे रांग लागली होती. गावातल्या प्रमुखांनी त्यांना इथेच दवाखाना काढा म्हणून गळ घातली. त्यातून जी संस्था उभी राहिली ती युनायटेड मिशन टू नेपाळ, आणि तिची स्थापना झाली नागपुरात, ५ मार्च १९५४ ला. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी. त्याच वर्षी तानसेनला भाड्याच्या घरात रुग्णालय सुरू झालं. मिशन हॉस्पिटल म्हणून आज सगळा पश्चिम नेपाळ त्याला ओळखतो, आणि खालच्या तराईतून, अगदी सीमेपलीकडूनही, लोक उपचारासाठी वर चढतात.

त्याच दशकात गावाच्या मुळावर घाव पडत होता, पण कोणाला जाणवलं नाही. उलट सगळ्यांनी आनंदाने स्वागतच केलं असणार. अमेरिकेच्या मदतीने डीडीटी आली. १९५८ मध्ये मलेरिया निर्मूलनाची वेगळी सरकारी संस्था निघाली. फवारणीवाले घराघरांत फिरले आणि दहा-बारा वर्षांत तराईतला औल इतका ओसरला की डोंगरातली माणसं जंगल तोडून खाली वस्ती करू लागली. त्यामागोमाग रस्ता. भारताच्या मदतीने सुनौलीपासून बुटवलमार्गे पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ राजमार्ग १९६०च्या दशकात खोदायला घेतला आणि १९७० च्या आगेमागे पुरा झाला. रस्ता तानसेनच्या माथ्यावर चढत नाही. तो खाली बर्तुंगवरून बगल देऊन निघून जातो. भरियांच्या रांगा संपल्या; ट्रकला तानसेनला थांबण्याचं काही कारण नव्हतं. व्यापाऱ्यांच्या नव्या पिढीने दुकान बुटवलला टाकलं, मागून गोदाम टाकलं, मग घर बांधलं. २०२१ च्या जनगणनेत बुटवल २ लाखांच्या घरात पोचलं. आजूबाजूची खेडी सामावून घेऊनही तानसेन ५० हजारांच्या आसपास. ज्या तापाने हे गाव वर चढवलं, तो गेला आणि गाव खाली उतरलं.

सगळं उतरलं नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस इथे ढाका कापडाचे हातमाग बसले. रंगीत सुताचे भौमितिक नमुने, मागावर बसलेल्या बहुतेक बाया, आणि राजा महेंद्राच्या काळात ढाका टोपी जणू राष्ट्रीय पोशाखच झाल्यावर पाल्पाली ढाक्याला गिऱ्हाईक तुटेनासं झालं. लग्नात, सत्कारात, कचेरीत, सगळीकडे ती टोपी. आता गिरणीचं छापील ढाका स्वस्तात मिळतं, त्यामुळे माग कमी झालेत. पण जाणकार अजून पाल्पाचीच टोपी मागतो. खाण्यात चुकौनी राहिली: उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, दही, कांदा, मिरची, आणि वर मोहरीच्या तेलात मेथी-हळदीची फोडणी. उपवासाला दह्यातले बटाटे करणाऱ्या मराठी घराला ही ओळखीची वाटेल. फक्त मोहरीच्या तेलाचा झणका सोसायची तयारी हवी.

३१ जानेवारी २००६ च्या रात्री माओवाद्यांची मोठी फौज तानसेनवर उतरली. तुरुंग फोडला, सरकारी कचेऱ्या जाळल्या, सैनिक आणि पोलीस मारले गेले, जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला धरून नेलं. जिल्हा प्रशासनाच्या कचेऱ्या दरबारातच होत्या, त्यामुळे दरबार पेटला आणि सकाळपर्यंत नुसत्या भिंती राहिल्या. दस्तऐवज गेले ते गेलेच: जमिनीची कागदपत्रं, नागरिकत्वाच्या नोंदी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जनआंदोलनाने राजाला झुकवलं आणि नोव्हेंबरमध्ये शांतता करार झाला, म्हणजे हा जाळ राजेशाहीच्या अखेरच्या काही महिन्यांतला. दरबार पुन्हा बांधला, जुन्याच नकाशाने. आता ते संग्रहालय आहे. नवं काम फार गुळगुळीत झालंय अशी काही जुन्या लोकांची कुरकुर असते. पण पाल्पाचे गव्हर्नर ज्या दिवाणखान्यात काठमांडूच्या बातम्यांची वाट बघत, तिथे आता शाळेच्या सहली जातात.

बुटवलहून तानसेनला येणारा रस्ता ४० किलोमीटरच्या आसपास, तिनाऊच्या अरुंद घळीतून. त्यात सिद्धबाबाच्या देवळाजवळचा टप्पा बदनाम आहे. पावसाळ्यात तिथे दगड सुटतात, गाड्यांवर पडतात, माणसं मेली आहेत. दरड आली की महामार्ग बंद, आणि जुन्या वाटेच्या गावांतून तात्पुरती वाहतूक. २०२२ मध्ये तिथे अकराशे मीटरहून थोड्या अधिक लांबीच्या बोगद्याचं काम हाती घेतलं. तो पूर्ण झाला की बुटवल-पोखरा प्रवास सोपा होईल, आणि तानसेनला न थांबता जाणाऱ्यांची संख्या बहुधा आणखी वाढेल. ज्यांना थांबायचं आहे त्यांनी बर्तुंगला उतरावं. तिथून वर गाडीही जाते. पण जुन्या दगडी पायवाटेने चढून आलं की शीतलपाटीवर बसायचा हक्क जास्त वाटतो.